स्क्रीन दहा इंची आणि मागे काळी टेप

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी तुम्ही जी वाहनांची पुरवणी काढली ना, त्यातलं ते जुन्या गाडीत नवी टचस्क्रीनवाली म्यूझिक सिस्टिम बसवण्यावरचं अर्धं पान मी दोनदा वाचलं, एकदा चहाबरोबर आणि एकदा चिडून. स्क्रीन किती इंच, रॅम किती, कशावर कॅमेरा फुकट, सगळं होतं. पण स्क्रीनच्या मागे काय असतं त्यावर एक ओळ नाही. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलं तर खुशाल कापा, फक्त वायरींचा भाग कापू नका, आमच्या गाडीत नेमका तोच कापला होता.

मी देवासला शाळेत विज्ञान शिकवते, रोज इंदूरहून गाडीनं जाते, जाऊन येऊन सत्तर-ऐंशी किलोमीटर होतात. गाडी वॅगनआर, २०१४ ची, बेस मॉडेल, त्यात स्टिरिओ नव्हताच, तेव्हा ह्यांनी बाहेरून एक साधा डेक टाकून घेतला होता, पेनड्राइव्हवाला, पातळसा. तो दहा वर्षं बिचारा काही न बोलता चालला. मग गेल्या दिवाळीत चिरंजीव पुण्याहून आले, गाडीत बसले आणि म्हणाले आई, हे काय अजून, रस्ता बघायला तू मांडीवर फोन ठेवतेस, कोणी बघितलं तर? आता मांडीवर फोन ठेवायची ही अब्रू चव्हाट्यावर आल्यावर काय बोलणार, म्हटलं बाबा तू म्हणशील ते लावू. त्यानं फोनवर एका संध्याकाळी चाळीस सिस्टिम बघितल्या आणि त्यातली सगळ्यात मोठी पसंत केली. दहा इंच. आमच्या घरातला पहिला टीव्ही चौदा इंची होता हो.

दुकानाचं नाव लिहीत नाही, बाजारात तशी दहा आहेत. काउंटरवर सगळ्या सिस्टिम ओळीनं लावलेल्या, सगळ्यांवर एकच निळा धबधबा वाहत होता. दुकानदार म्हणाला मॅडम, पोहे खाके आओ, आधे घंटे में गाडी रेडी. आणि खरंच, पोहे-जिलेबी खाऊन आलो तर झालेलं! चाळीस मिनिटांत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण स्क्रीन इतकी झळझळीत की आपण सगळेच खूश, ह्यांनी तर जागच्या जागी नारळ फोडायचं काढलं.

पुढच्या शनिवारी शाळेतून येऊन दुपारी तीनला गाडी लावली. सोमवारी सकाळी साडेसहाला किल्ली फिरवली तर टक. नुसतं टक. सासरे, आमचे अण्णा, गॅलरीतून म्हणाले बॅटरी बसली वाटतं. बसली नव्हती, झोपली होती, कायमची. त्या दिवशी मी देवासला बसनं गेले आणि पहिला तास बुडाला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, वडिलांच्या वेळेपासूनचं दुकान, दुकान म्हणजे काय तर टपरी आणि एक लाकडी स्टूल. त्यांनी प्लास्टिकच्या पट्टीनं फ्रेम उचकटली, स्क्रीन बाहेर ओढली, मागे हात घालून वायरींचा झुबका काढला आणि हसायला लागले. मला म्हणाले ताई, ही पिवळी बघा आणि ही लाल बघा. दोन्ही एकत्र पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. झालं एवढंच होतं.

आता हे नीट सांगते कारण पुरवणीत नेमकं हेच हवं होतं. बाहेरच्या कुठल्याही डेकला पाठीमागे ठरलेल्या रंगांच्या वायरी असतात. पिवळीत चोवीस तास करंट, ती थेट बॅटरीची, तिच्यामुळे घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहतात, पण किल्ली बंद असताना ती नावापुरताच करंट घेते. लाल जी आहे ती किल्लीची, किल्ली एक घर फिरवली की तिच्यात करंट येतो आणि डेक जागा होतो, किल्ली काढली की डेक झोपतो. काळी म्हणजे अर्थिंग. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या स्पीकरच्या जोड्या, पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, तसंच मागे हिरवी आणि जांभळी. आता आमच्या गाडीत आधीच्या डेकवाल्यानं किल्लीची वायर कुठून तरी लांबून आणली होती, नव्या दुकानातल्या पोराला ती सापडली नाही, आणि चाळीस मिनिटांत गाडी द्यायची, तर त्यानं लाल वायर पिवळीलाच बांधून टाकली. म्हणजे सिस्टिमला वाटतंय किल्ली कायम लावलेली आहे. मी रोज बटण दाबून स्क्रीन काळी करायची आणि समजायची की बंद झाली. स्क्रीन काळी, आतला मेंदू जागाच! आमच्या बॅटरीवर ३५ अँपिअर-तास लिहिलंय. सिस्टिमनं नुसता एक अँपिअर खाल्ला असं धरलं तरी शनिवार दुपार तीन ते सोमवार सकाळ साडेसहा म्हणजे साडेएकोणचाळीस तास, करा गुणाकार. हेच गणित मी दहावीला फळ्यावर सोडवून देते, आणि माझ्याच गाडीत मला कळलं नाही, हे शाळेत कोणाला सांगितलेलं नाही, इथं लिहून राहिले आहे.

आणि टेप का वाईट ते पण त्यांनीच दाखवलं. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड आतून इतका तापतो की टेपचा चिकटा विरघळतो, टेप सुटते, उघडी वायर कुठल्या तरी पत्र्याला लागते. फ्यूज उडाला तर नशीब. म्हणून गाडीच्या मूळ वायरी कापायच्याच नाहीत, गाडीच्या सॉकेटला बसेल असा कपलर मिळतो, एका टोकाला गाडी दुसऱ्या टोकाला सिस्टिम, खट्ट करून बसतो आणि उद्या डेक काढला तर गाडी होती तशी. मला साडेतीनशेला पडला. पंधरा हजारांच्या सिस्टिमवर साडेतीनशे वाचवले होते त्या दुकानदारानं! गाडी नवी असेल तर अजूनच जपा, कापलेली वायर दिसली की इलेक्ट्रिकलच्या वॉरंटीवरून हुज्जत होतेच. आणि ज्यांच्या स्टिअरिंगवर आवाजाची बटणं आहेत त्यांनी ती नव्या सिस्टिमवर चालणार का हे आधी विचारावं, काही गाड्यांना त्यासाठी वेगळा डबा लागतो, कॅनबस म्हणतात, तो डबा नसला की बटणं नुसती शोभेची.

आता नेव्हिगेशनचं. लोकांचा (माझापण होता) समज असा की डब्यावर जीपीएस लिहिलंय म्हणजे रस्ता तोच दाखवणार, कुठंही दाखवणार. तसं नाही. जीपीएस म्हणजे फक्त आपण कुठं आहोत एवढं कळणं. त्याचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर फिरताहेत, चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले की आपली जागा निघते, त्याला नेट लागत नाही आणि पैसेपण लागत नाहीत. पण नकाशा हा वेगळा विषय आहे, तो नेटवरून येतो. ओंकारेश्वरला जाताना सिमरोलच्या पुढे भेरूघाट लागला आणि फोनचं नेटवर्क गेलं, आमच्या दहा इंची स्क्रीनवर कोरा करडा कागद, त्याच्यावर एक निळा ठिपका एकटाच वळणं घेत चाललाय. अण्णा मागून म्हणाले छान, आपण कुठे आहोत ते कळतंय, फक्त ते कुठे आहे ते कळत नाही! उपाय सोपा आहे, घरच्या वायफायवर असतानाच तेवढा भाग मॅपमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवायचा आणि अधूनमधून अपडेट करायचा. हे सांगायला दुकानदाराला अर्धा मिनिट लागला असता.

दुसरं म्हणजे अँटेना. सिस्टिमबरोबर एक काडेपेटीएवढी काळी चौकोनी वडी येते, लांब वायरवाली, ती जीपीएसची अँटेना. तिला आकाश दिसायला पाहिजे. दुकानातल्या त्या पोरानं ती सिस्टिमच्या मागे लोखंडी पत्र्याखाली कोंबलेली, त्यामुळे मी देवास रोडवर असताना ठिपका शेजारच्या शेतात पळायचा आणि बाई ओरडायची डावीकडे वळा. इलेक्ट्रिशियनांनी ती वडी डॅशबोर्डवर काचेखाली कोपऱ्यात चिकटवली, तेव्हापासून ठिपका रस्त्यावर आहे. अर्थात शहरात त्याचाही इलाज थकतो. राजवाड्याच्या मागे बर्तन बाजार, पिपली बाजार त्या बोळांत सिग्नल भिंतींवर आपटून येतात, ठिपका ह्या गल्लीतून त्या गल्लीत उडी मारतो. तिथं गाडी घालणाऱ्यालाच मी दोष देईन. आणि आता जे फ्लायओव्हर झालेत, फूटी कोठी, भंवरकुआं, तिथं आपण वरून जातोय की खालून ते मॅपला भरवशानं कळत नाही, वर चढल्यावर म्हणतो उजवीकडे वळा. कुठं वळू, हवेत? बीआरटीएसचं, म्हणजे बसच्या वेगळ्या लेनचं, तर काय बोलायचं, २०१३ ला झाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टानं काढायला सांगितली, एवढ्यात कुठला नकाशा किती वेळा बदलेल.

थोडं विषयांतर करते, शिक्षिकेची खोड. २००० सालापर्यंत अमेरिका सरकार सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत होतं, जागा शंभर मीटरपर्यंत इकडची तिकडे दिसायची. त्या वर्षीच्या मे महिन्यात ती चूक काढली, आणि मग कुठं गाडीत वळणं सांगणारी यंत्रं खरी कामाची झाली. त्याच्या आधी १९८१ ला जपानात होंडानं एक काढलं होतं, त्यात उपग्रह नव्हतेच, आत वळण ओळखणारा, गॅसवर चालणारा जायरो आणि वरती पारदर्शक फिल्मवर छापलेला नकाशा, तो हातानं बदलायचा. मुलांना सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं.

मग निवडायचं काय, तर माझ्या मते पहिला प्रश्न इंचांचा नाहीच. बाजारात दोन जाती आहेत आणि दुकानदार दोघींना अँड्रॉइडच म्हणतो. एक म्हणजे अख्खा टॅब्लेट, आतच प्रोसेसर, आतच रॅम, आतच सगळी अॅप्स, त्याला नेट आपल्या फोनच्या हॉटस्पॉटनं द्यायचं. दुसरी जात म्हणजे साधी स्क्रीन जी अँड्रॉइड ऑटो किंवा (आयफोन असेल तर) कारप्ले चालवते, म्हणजे काम सगळं आपला फोन करतो आणि स्क्रीन फक्त दाखवते. कारप्ले २०१४ चं, अँड्रॉइड ऑटो २०१५ चं, आता चांगलं पिकलेलं आहे. पहिल्या जातीत दोन वर्षांनी टॅब्लेट म्हातारा होतो, चालू व्हायलाच मिनिट घेतो, आमचा तर नवा होता तरी मी एबी रोडच्या सिग्नलला पोचते तोवर तो अजून डोळे चोळत असायचा. आणि स्वस्तातल्यांत सेटिंगमध्ये जो अँड्रॉइडचा आकडा लिहिलेला दिसतो तो खरा असेलच असं नाही, चिरंजीवांनी एक अॅप टाकून तपासलं तर आमचा तीन नंबर मागचा निघाला. चार जीबी रॅम म्हणून घेतला तो दोनचा. दुसऱ्या जातीत फोन नवा तर सिस्टिम नवी, नकाशा फोनचाच, बोललेलं पण फोनच ऐकतो. मला रोज देवास-इंदूर करायचं आहे, गाडीत बसून पिक्चर बघायचा नाही, मला दुसरी जात पुरते. ज्यांच्या घरचे मागच्या सीटवर बसून मालिका बघतात त्यांचं वेगळं.

पिक्चरवरून आठवलं. त्या पोरानं मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, मॅडम, चलती गाडी में भी वीडियो चलेगा, हमने सेटिंग कर दी. सेटिंग म्हणजे काय, तर सिस्टिमला एक हँडब्रेकची वायर असते, हँडब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ दिसावा म्हणून, ती त्यानं सरळ अर्थिंगला जोडली होती, म्हणजे सिस्टिमच्या मते माझी गाडी कायम हँडब्रेकवर उभी, ऐंशीच्या स्पीडला सुद्धा. हे तो मेहेरबानी म्हणून करतो, पैसेपण घेत नाही! २०२० च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडे नियमच आहे की चालवताना हातातला फोन वापरायचाच तर फक्त रस्ता बघायला, तोही लक्ष न हटता, मग डोळ्यांसमोर दहा इंची पिक्चर कोणत्या हिशोबानं चालेल? मी ती वायर काढून घेतली.

आवाजाबद्दल एकच सांगते, कारण फिजिक्स येतं म्हणून राहवत नाही. सगळ्या डब्यांवर ५० वॅट गुणिले ४ लिहिलेलं असतं. गाडीत चालू इंजिनवर चौदा व्होल्टच्या आसपास मिळतात, स्पीकर चार ओहमचा, तर वेगळा अॅम्प्लिफायर न लावता एका स्पीकरला पंचवीसेक वॅटच्या वर स्वच्छ आवाज जाऊच शकत नाही, ते पन्नास म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे खरे वॅट, किती ते विचारा. सांगणारा पंधरा-वीस म्हणाला तर तो खरं बोलतोय.

स्क्रीन उन्हात बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच सुंदर दिसतात, आमची बाहेर काढली तर दुपारी बारा ते चार नुसता आरसा, त्यात मला माझाच घामाघूम चेहरा. आणि आवाजाला गोल फिरवायचं बटण असलेली मिळाली तर सोडू नका. खड्ड्यातून जाताना काचेवरच्या त्या पट्टीवर बोट नेमकं ठेवून दाखवा, मी मानेन. साइजचं पण एक आहे, पातळ डेकची जागा १८० बाय ५० मिलिमीटर, तिला सिंगल डिन म्हणतात, मोठी ती डबल डिन, १८० बाय १००. नऊ-दहा इंची स्क्रीन ह्या जागेत बसतच नाही, ती बाहेर टेकते, त्यासाठी गाडीप्रमाणे वेगळी फ्रेम लागते. आमच्या गाडीत तिनं एसीचा एक झरोका अर्धा झाकला, तो थंडगार वारा सरळ स्क्रीनच्या पाठीला लागायचा, मला नाही.

आणि अण्णांचं राहिलंच. अण्णा मालवा हाउस, म्हणजे इंदूर आकाशवाणी, ऐकून मोठे झाले, ती १९५५ ची, मीडियम वेव्ह ६४८ किलोहर्ट्झ हा आकडा त्यांना स्वतःच्या फोन नंबरच्या आधी आठवतो. नव्या सिस्टिममध्ये त्यांनी बसल्या बसल्या विचारलं एएम कुठंय. नाहीच. एफएम तेवढं होतं आणि तेही कॅमेरा लागला की खरखरायचं. खाजगी एफएमची मिरची इंदुरातूनच सुरू झाली २००१ ला, हे सांगून मी त्यांना गप्प करायचा प्रयत्न केला, पण ते म्हणाले मग एवढ्या मोठ्या डब्यात जुन्या छोट्या डेकपेक्षा कमी आहे की. मला उत्तर सुचलं नाही. तुमच्याकडे घरात कोणी म्हातारं असेल तर हे विचारूनच घ्या, लहान गोष्ट वाटते पण रोजची कुरकुर वाचते.

शेवटी काय केलं म्हणाल तर ते सांगून थांबते. दुकानदारानं पैसे परत द्यायला साफ नकार दिला, बिलावर नुसतं म्यूझिक सिस्टिम एक नग असं लिहिलेलं, ना मॉडेल ना सीरियल नंबर ना फिटिंग, भांडायला हातात काहीच नाही. म्हणून बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर मॉडेल, नंबर, वॉरंटी किती आणि फिटिंग कोणी केली हे लिहून घ्या, मी घेतलं नाही. दोन फेऱ्या मारल्यावर, ह्यांनी थोडा आवाज चढवल्यावर, त्यानं बदलून दिली, सात इंची, डबल डिन, अँड्रॉइड ऑटोवाली, गोल बटण असलेली आणि एएम असलेली. किंमत कमी होती, वरचे पैसे त्यानं दिले नाहीत, दोन सीट कव्हर दिली, मी कपाटात टाकून दिली आहेत. फिटिंग मात्र त्याच्याकडून करून घेतली नाही. आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनांनी केली, अडीच तास लागले, कपलर लावला, किल्लीची वायर शोधून काढली, प्रत्येक जोडाला सोल्डर मारून वर ती तापवून आवळतात ती नळी चढवली. मी पूर्ण वेळ स्टूलवर बसून बघत होते, त्यांनी मला टेस्टर धरायला दिला. बॅटरी गेली त्याचे पैसे गेले.

तर माझी विनंती एवढीच की धनत्रयोदशीच्या आधी तुमची अजून एक पुरवणी येते ना, त्यात जाहिरातींच्या मधे अर्धं पान एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनला द्या आणि सिस्टिमचा फोटो छापायचाच तर एक पाठीमागूनचा छापा. आमचे इलेक्ट्रिशियन काका घरी मराठीच बोलतात पण लिहायचं म्हटलं तर हात जोडतात, म्हणून कोणाला तरी वही घेऊन पाठवावं लागेल. मी विचारून ठेवलं आहे. ते म्हणाले दुपारी एक ते तीन सोडून कधीही या, तेव्हा ते झोपतात.

आपली,
एक जुनी वाचक आणि विज्ञान शिक्षिका
लोकमान्य नगर, इंदूर